चाचांचं उघडं कार्ड

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन कच्चं, माफ करा. शाळा चौथीपर्यंतच झाली.

लातूरचे अडतवाले चाचा आम्हाला पोस्टकार्ड पाठवत. वर तुरीचा भाव, खाली घरची खबर: "बेगमचे गुडघे दुखून राहिले." भूकंपात घर पडलं तेव्हा त्यांनी मला उसने पैसे दिले.

"बुडवणार ही," माझी जाऊ चारचौघांत म्हणायची.

मी दर सुगीला थोडे फेडत होते, पण कार्डात त्याचं नावही नसे. एकदा मी दुकानात म्हणाले, "चाचा, बाकी किती हाय ते लिवा की."

"न्हाई बेटी. तुमचा पोस्टमन पारावर मोठ्यानं वाचतो."

यंदा मी शेवटचे पैसे दिले. आठवड्यानं पोस्टमननं पारावर कार्ड वाचलं. या खेपेला भाव खाली होता, आणि वर पहिलीच ओळ होती: "बेटीचे सगळे पैसे पोचले. बाकी काही नाही."