चाळीसचे अप्पा

आज नातीच्या बीजगणिताच्या वहीत वयाचं गणित दिसलं आणि माझा तपासणारा हात थबकला.

चेन्नईत, अड्यारच्या शाळेत मी आठवीला खऱ्या वयांवरच समीकरणं मांडायला लावायचे. ‘किती वर्षांनी वडील तुमच्या दुप्पट वयाचे होतील?’ तेरा वर्षांच्या मलरनं लिहिलं होतं, २(१३ + x) = ४०.

लाल फुली मारत मी खेकसले, “अगं, वडिलांच्या वयातही एक्स मिळवायचा ना!”

“मिस, अप्पा चाळीसचेच राहणार. गेल्या वर्षी वारले ते.”

तिच्या वेणीतला मोगरा, डोक्यावरचा घरघरणारा पंखा, बाकी काही जाणवेना.

“उत्तर सातच ना, मिस?” तिनं विचारलं.

सातच होतं. फुली मात्र शाईची होती.