शेवंताचं दूध

लेकींनासुद्धा हे कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते – तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणून जमतंय.

तेव्हा साहेबाचं राज्य होतं. पारोळ्याचं आमचं घर माणसांनी भरलेलं, अंगणात कापसाचा ढीग, आणि बाळंतिणीच्या खोलीतून येणारा ओव्याच्या धुरीचा वास. तो वास आठवला की अजून जीव तिकडेच ओढ घेतो. त्या खोलीत शेवंता होती, माझी धाकटी जाऊ. गुणी, हसरी पोर. चुलीशी बसली की माझ्याही वाटच्या भाकरी थापून टाकायची. तिला पहिल्याच खेपेला मुलगा झाला. मला सगळ्या मुलीच – धाकटी अजून अंगावर पीत होती.

आमच्याकडे पहिला चीक पिळून टाकत आणि बाळाला तिसऱ्या दिवशी छातीशी लावत. तोवर शेवंताची छाती दगडासारखी दाटली. बोंड बाळाच्या तोंडात राहीना. ते रडे, तीही रडे.

उपाय मला ठाऊक होता. माझ्या पहिल्या वेळी आईनंच शिकवला होता – ऊन फडक्यानं शेकायचं, हातानं थोडं दूध काढायचं, मग बोंडाभोवती बोटं ठेवून हलकेच आत दाबून धरायचं. तेवढी जागा मऊ पडली की बाळ पकडतं. एवढंच! किती वेळ लागला असता?

मी बोलले नाही. सासूबाईंनी बाळ माझ्या मांडीवर दिलं, ते घटाघटा प्यालं, आणि घरभर माझं कौतुक झालं. डिंकाचे लाडू माझ्याही ताटात येऊ लागले. मुलींच्या वेळी कुणी विचारलं होतं? – पण हे कारण म्हणून सांगत नाही.

शेवंता ठणक्यानं कळवळली, तेव्हा छाती घट्ट बांध, असं मीच म्हणाले. जुन्या लुगड्याची पट्टी मीच फाडली, गाठही मीच मारली. ठणका थांबला. दूधही आटलं. हे होणार, मला माहीत होतं – हो, माहीत होतं.

"अक्का, माले दूधच नही शे का वं?" तिनं विचारलं.

"नही ऱ्हास एखादीले," मी म्हटलं.

तिनं ते जन्मभर खरं मानलं. पोराच्या लग्नात आईच्या मानाचं लुगडं तिनं माझ्या हातात ठेवलं. "तुम्हनं दूध पीसन मोठा व्हयना तो," म्हणाली, आणि माझ्या पाया पडली.

मी ते लुगडं नेसले, आणि मांडवभर मिरवले.