सात वेळा मासा

माझी नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली. शाळेतली नोकरी तोवर संपली होती, त्यामुळे जगाचं फारसं नुकसान झालं नाही. माझं मात्र एक झालं: मासळी घेणं शेजारणीच्या हाती गेलं. रत्नागिरीतल्याच काही पोरांनी घरपोच मासे देणारं ॲप काढलंय. शेजारीण त्यावर माझी मागणी नोंदवायची, पण आधी तिची मंजुरी लागायची. "वैनी, एकट्या माणसाला सुरमई कशाला हवी?" मग ती ठरवेल ते मी मुकाट्याने खायची. मनातून संताप यायचा.

शेवटी मी माझा मोबाइल बोलता करून घेतला. बोट फिरवलं की पडद्यावर असेल ते तो वाचतो; चित्र असलं तर त्याला जोडून लिहिलेलं वर्णन. ते ॲप उघडलं. "मासा," मोबाइल म्हणाला. बोट पुढे सरकवलं. "मासा." सात वेळा मासा झाल्यावर मी कंपनीला फोन केला आणि वर्गात लावायची तो आवाज लावला. त्यांच्या साहेबांनी घाबरून मलाच शिकवायला बोलावलं.

ऑफिसात सहा-सात जण होते. सगळ्यांना मोबाइलचे पडदे काळे करायला लावले, फक्त आवाज चालू. म्हटलं, आता अर्धा किलो सुरमई मागवा. दहा मिनिटांनी एकाच्या नावावर सुके बोंबील पडले होते आणि एकीने स्वतःचं खातंच बंद करून टाकलं होतं.

"चित्रांची वर्णनं कोणी लिहिली?" मी विचारलं.

कोपऱ्यातून बारीक आवाज आला. "मी, मॅडम. आमच्या घरी खात नाहीत. मला सगळे सारखेच दिसतात."

जन्म रत्नागिरीतला आणि सुरमई-बांगडा सारखेच. माझ्यापेक्षा हाच जास्त आंधळा, असं मी बोलून दाखवलं. तोही हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मासळीबाजारात नेलं. मी मासा चाचपून नाव सांगायची, तो एका हाताने नाक दाबून दुसऱ्याने मोबाइलवर टिपून घ्यायचा.

"नुसतं नाव नको," मी म्हटलं. "अख्खा की तुकडे, तेही लिही. दिसत नसलं तरी खायचं मलाच आहे."

"नाक सोड रे," मासेवाली म्हणाली. "गिऱ्हाईक पळतंय माझं."

पंधरवड्याने ॲप सुधारून आलं. "सुरमई, तुकडे, अर्धा किलो," मोबाइल म्हणाला. ते मी तीनदा वाचून घेतलं, हे कबूल करते. मग दाबलं. दुपारच्या आत पिशवी दारात आली, तशी आवाराच्या गडग्यापलीकडून शेजारीण म्हणाली, "आज काय घेतलंत, वैनी? मला विचारलं पण नाहीत."

माझ्या ताटात काय पडणार हे तिला ठाऊक नाही, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

"बांगडे," मी म्हटलं.