झुंबरबाईचा ओवा

आमच्या नाटक कंपनीत राजे पुष्कळ होते. हुकूम मात्र झुंबरबाईचा चाले. पाथर्डीकडची ही विधवा बाई एका जत्रेत आमच्या भाकऱ्या थापायला आली आणि पुढं कंपनीच्या चुलीवरून उठलीच नाही. कंपनीपलीकडे तिला घर नव्हतं. कुणाचं पोट दुखो, कुणाचं नाक वाहो, तिच्या डब्यातला ओवा हजर असायचा.

बहात्तर साली ऐन थंडीत देवळाली प्रवरेला आमचा तंबू लागला आणि माझा घसा बसला. मी नायक, म्हणजे राजा. राज्य राहू द्या, मला चहासुद्धा मागता येईना.

झुंबरबाईनं पातेलंभर पाण्यात ओवा घालून तासभर रटरट उकळला. तीन दिवस मी तो काढा प्यालो. आवाज काही फुटेना. आणि चुलीशी शेकत बसणारा आमचा तबलजी भीमा, त्याचं महिनाभर चोंदलेलं नाक मात्र मोकळं झालं!

मालक गहिनीनाथ तडकले. "बाई, औषध राजाला अन् गुण तबलजीला? उद्या हे गायले नाहीत, तर परवा नगरहून नवा आचारी आणतो."

झुंबरबाईनं काढा हुंगला. "ह्याला वास कुठं हाय? समदा वाफंवर गेला. भीम्यानं वढला, अन् राजानं नुसतं पानी पिलं."

"मावशी, ओवा पहिल्या धारेच्या दारूत भिजवा," भीमा म्हणाला. "लई झटक्यात काम करंल."

भिजवला. सकाळी चमचाभर घेतला, तर घशात जाळ उठला. मी खुणेनं आणखी मागितली. बाईनं उरलेली वाटी मोरीत ओतली. "ओव्याचा गुन उतरला खरा, पर राजा गादीवरून पडंल."

मग ती वरणाला फोडणी द्यायला बसली. तेलात जिरं तडतडलं आणि बाईचा हात थांबला.

"आरं, जिरं पान्यात टाकलं तर गप ऱ्हातं, तेला-तुपात टाकलं की बोलतं. मंग ओव्याला म्या पान्यात कशापायी बुडवलं?"

तिनं मंद आचेवर तुपात ओवा घातला, वर झाकण ठेवलं, आणि ते कोमट तूप मला चमच्याचमच्यानं चाटवलं. तेवढ्यावर भागलं नाही. बाजेखाली शेगडी आली, निखाऱ्यांवर ओवा पडला, वर मी घोंगडीत.

"मी राजा आहे, बाळंतीण नाही!" मी गरजलो, म्हणजे ओठ हलवले.

"राजाला बी कुनीतरी व्यालंच हाय. निजा गुमान."

संध्याकाळी पडदा वर गेला. विंगेत झुंबरबाई उभी होती, हातात पळी, पायाशी तिच्या कपड्यांचं बांधून ठेवलेलं गाठोडं. मी जरीच्या अंगरख्यात पुढं आलो आणि पहिल्या रांगेतल्या एका आजीनं नाक वर करून ओव्याच्या धुरीचा वास घेतला.

"अगं बया! राजा बाळंत झाला का काय?"

सारा तंबू हसून फुटला. मागून कुणीतरी ओरडलं, "महाराज, मुलगा का मुलगी?"

मी अंगरखा सावरला. तोच विंगेतून खणखणीत उत्तर गेलं, "आवाज झालाय! ऐका की गप!"

आता गाणं भागच होतं. डोळे मिटून सूर लावला आणि तो लागला, स्वच्छ, थेट शेवटच्या बांबूपर्यंत. टाळ्या पडल्या. मी तिरक्या डोळ्यानं विंगेत पाहिलं. झुंबरबाईनं पायानंच गाठोडं मागं सारलं आणि पळी घेऊन चुलीकडं चालू लागली.