झोपेची राखण

मोठी माय दिवसभर कुजबुजत बोलायची. तिचा मूळ आवाज सेवाग्रामच्या आमच्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज पोचणारा. पण मी तिच्याकडे राहायला गेलो आणि तो तिने संध्याकाळपर्यंत गुंडाळून ठेवायला सुरुवात केली. मी रात्री नागपूरहून मालाची विमानं उडवायचो आणि दिवसा तिच्या मागच्या खोलीत झोपायचो. मी उठून चहाचा कप हातात घेतला, की दिवसभराचं साचलेलं सगळं ती एकदम मोठ्याने सांगून टाकायची.

ती माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा ट्रक चालवायचे. मी लहान असतानाच पुलगावच्या पुढे रुईच्या गाठींनी भरलेला त्यांचा ट्रक त्यांच्यासकट पुलावरून खाली गेला. मूलबाळ नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत तिचं किराणा दुकान होतं, आणि माझ्या झोपेपायी त्या दुकानाची तिने पार रया घालवली. गिऱ्हाइकाने हाक मारायची नाही, काउंटरवर बोट वाजवायचं. भंगारवाल्याला चहा पाजून गल्लीच्या तोंडाशीच परत फिरवायची. कुकरची शिट्टी नको म्हणून भात पातेल्यात शिजायचा. पोरं कुरकुरेसुद्धा कुजबुजत मागायची.

गल्लीला माझ्या नोकरीचं भारी कौतुक होतं. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या. खरं काय ते मला ठाऊक. आमची कंपनी लहान, विमान दोन पंख्यांचं आणि मी सर्वांत नवा सहवैमानिक. म्हणजे टॉर्च घेऊन विमानाभोवती फिरायचं, खोकी नीट बांधलीत का बघायचं, वजनाचे कागद भरायचे, कॅप्टनचा थर्मास सांभाळायचा आणि यातून वेळ उरला तर विमानही उडवायचं. मागे कधी औषधं, कधी मोबाईल, कधी नुकतीच अंड्यातून निघालेली कोंबडीची पिल्लं. ती हैदराबादपर्यंत चिवचिवत राहायची; त्यांच्याइतकं टक्क जागं राहणं मला जमायचं नाही. एकदा वैतागून मी मोठ्या मायला म्हणालो, की माझ्या विमानात माणसं नसतातच, नुसती खोकी असतात.

"खोके तं खोके," ती म्हणाली, "चालवणारा तं माणूसच हाय ना."

दुसऱ्या घरांत निघताना जेवलास का विचारतात. ही विचारायची, झोप झाली का. माझ्या 'हो'वर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "डोये दाखव," म्हणायची, आणि दुकानातल्या बल्बखाली माझी हनुवटी धरून, बाजारात वांगी निवडावीत तसे माझे दोन्ही डोळे तपासायची. मला लाज वाटायची, विशेषतः काउंटरवर गिऱ्हाईक असलं की.

एक दिवस मागच्या गल्लीत लग्नाची हळद होती आणि सकाळपासून डीजे. मोठी माय जाऊन हात जोडून आली, पण लग्नघरापुढे कोणाचं चालतं? मी उशीत डोकं खुपसून पडलो, डोळ्याला डोळा लागला नाही. तरी संध्याकाळी शर्टाला इस्त्री करून निघालो. झोप झाली नसेल तर उडायला नाही म्हणता येतं, नियमच आहे तसा. पण नियम पुस्तकात असतो आणि ड्युटी लावणं एका माणसाच्या हातात. मी अजून नोकरीत पक्का झालो नव्हतो, आणि नाही म्हणणारे लवकर पक्के होत नाहीत हे मी पाहिलं होतं. मोठ्या मायने डोळे पाहिले. माझ्या हातातली गाडीची किल्ली घेतली, तांदळाच्या पिंपात टाकली, झाकण लावलं आणि त्यावर बसली.

मी चिडलो. नोकरी जाईल म्हणालो. गेली तर दुकानात बस म्हणाली. मी आवाज चढवला तशी ती आणखी हळू बोलायला लागली.

"तुया मोठ्या बाबाले मीच उठवलं होतं. मालक भायेर हॉर्न वाजवून राह्यला होता. ते म्हणे, घडीभर पडू दे. मी चहा करून उठवलं त्यायले."

घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. मी खाली बसलो आणि कंपनीत फोन लावला. पलीकडचा माणूस नुसता 'बरं' म्हणाला, आणि माझं पक्कं होणं कितीतरी महिने लांबलं. विमान त्या खेपेला दुसऱ्या कोणाला घेऊन सुखरूप जाऊन आलं. दुसऱ्या दिवशी मी तिला ते जरा खवचटपणेच सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली आणि साखर तोलायला लागली.

मला कॅप्टन झालेलं तिने पाहिलं नाही. आता मी कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत बसतो. थकवा तोच आहे, फक्त थर्मास दुसरा कोणी सांभाळतो. नव्या पोरांना झोप झाली का विचारलं, की ती लगेच 'येस सर' म्हणतात. मी त्यांना डोळे दाखवायला लावतो. ती माझ्या पाठीमागे हसतात, हसोत बापडी. अशा वेळी मला मोठ्या मायची फार आठवण येते.

ती गेली त्या दुपारी मी फार गाढ झोपलो होतो. उठलो तेव्हा उन्हं कलली होती आणि घर नेहमीपेक्षाही शांत होतं. पुढच्या खोलीत आलो तर तिथे तिला निजवलेलं. बाहेर अंगणात सगळी गल्ली बसलेली, बायकांनी पदराचे बोळे तोंडाशी धरलेले. भंगारवालासुद्धा भिंतीशी उभा होता. शेजारच्या वनिताकाकू उठून माझ्याजवळ आल्या आणि सवयीने कानाशीच बोलल्या. काउंटरवर असतानाच मोठ्या मायच्या छातीत कळ आली. काकूंनी रिक्षा बोलावली. दवाखाना जवळच, पण पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. रिक्षात बसवताना काकू मला उठवायला निघाल्या, तर तिने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

"त्याले उठवू नका, त्याची ड्युटी हाय."

तिला परत आणल्यावरही मला हाक मारायला कोणी धजलं नाही. मी उठेपर्यंत गल्ली तशीच बसून राहिली होती.

"झोप झाली नं बाबू तुही?" काकूंनी विचारलं.

मी मान हलवली. तेव्हा कुठे सगळ्या बायका मोठ्याने रडल्या.