बाहेर पडणारं पाणी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही मुंबईची खोली सोडून पनवेलच्या एका नव्या वसाहतीत राहायला आलो. मागच्या बाजूने गाढी नदी वाहायची. वसाहतीचं स्वतःचं मैलापाणी शुद्ध करायचं छोटं केंद्र होतं, आणि त्याचा सगळ्यांना अभिमान होता. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी. मी रसायनशास्त्रात नुकतीच पदवी घेतली होती. केंद्रावर पाणी तपासायचं काम मला त्यांनीच मिळवून दिलं.

काम सोपं होतं. इमारतींचं सांडपाणी एका टाकीत यायचं. ब्लोअरने त्यात हवा सोडली की घाण खाणारे जिवाणू वाढायचे, पुढे गाळ खाली बसायचा आणि वरचं पाणी नदीत जायचं. मी सकाळी आत येणारं पाणी एका बाटलीत घ्यायचे, बाहेर पडणारं नळाखाली दुसऱ्या बाटलीत. दुसरं अगदी नितळ असायचं.

एका उन्हाळ्यात ब्लोअर जळला आणि दुरुस्तीला गेला. टाकीतलं पाणी काळं पडलं, वास आमच्या जिन्यापर्यंत आला. मी सवयीने नळाखाली बाटली धरली. पाणी नितळच.

वाटलं, बाटली चुकली. ओतून पुन्हा भरली. तेच. टाकीत हवाच नाही, मग हे स्वच्छ झालं कसं? 

मी कुंपणाबाहेर पडून नदीकडे उतरले. झुडपांमागून एक जाड पाइप बाहेर आला होता आणि त्यातून काळा फेसाळ लोंढा सरळ गाढीत पडत होता. थोडं खाली, शेजारच्या गावातली एक आगरी बाई वाळूत खड्डा खणून झिरपलेलं पाणी वाटीने हंड्यात भरत होती.

"नदीचं का नाही घेत?" मी विचारलं.

"कसं घेवाचं? पोरांच्या अंगाला खाज सुटतं. तुमची वसाहत झाली तवापासून आमी नदीत उतरत नाय."

मी धावतच केंद्रावर आले. तिथला ऑपरेटर डबा खात होता. मी विचारल्यावर त्याने लपवाछपवी केली नाही. "मॅडम, तुमचा नळ बोअरवेलला जोडलाय. टाकीचं पाणी खालच्या पाइपने जातं. ब्लोअर चालू असतानाही गाळ नीट बसत नव्हता. तपासणीला प्रदूषण मंडळाची माणसं येतात, म्हणून सेक्रेटरीसाहेबांनी जोडून घेतलं. मला वाटलं, तुम्हाला घरी सांगितलं असेल."

मी स्टुलावर बसले. इतके महिने मी बोअरवेलच्या पाण्यावर 'समाधानकारक' असा शेरा मारत होते.

दुपारी बाबा जेवत होते. मी विचारलं तेव्हा त्यांनी घास खाली ठेवला नाही. "केंद्र बांधणारा बिल्डर दाद देत नाही. केंद्र नापास झालं असतं तर अख्ख्या वसाहतीचं पाणी तोडलं असतं. नदी काय, भरतीच्या पाण्याने धुऊन निघते."

आईचा वाढायचा हात थांबला. "आणि पोरीला तिथे कशाला बसवलंत?"

बाबांनी ताट बाजूला सारलं. लहानपणी दुकानदाराने चुकून जास्त दिलेले सुटे पैसे परत करायला मला पाठवणारा हा माणूस. मी त्यांच्याकडे बघत राहिले, तर चेहरा तोच होता.

"माझ्याबरोबर नदीवर चला," मी म्हटलं.

संध्याकाळी ते आले. नाकाला रुमाल लावून पाइपाजवळ उभे राहिले. तीच बाई हंडा डोक्यावर घेऊन चालली होती. बाबांना पाहून थांबली.

"तुमी वरचे का? मंग तुमच्या साहेबाला सांगा, गावात पोरं आजारी पडतात."

बाबांनी रुमाल खाली घेतला. "मीच तो."

 ती हंडा सावरून चढण चढून गेली. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी उभं राहून बोअरचा नळ तोडायला लावला आणि सभा बोलावून सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मला वाटलं होतं, लोक हादरतील. एकाने विचारलं, "इतके दिवस चाललं होतं ना, मग आताच कशाला उकरून काढताय?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांपैकी कितीतरी जणांना मी काका म्हणायचे.

बाबांनी राजीनामा दिला. नवा ब्लोअर बसला, गाळाची टाकी दुरुस्त झाली, पण त्याला पावसाळा उलटावा लागला. तोवर तो पाइप तसाच वाहत होता.