आधी कोण सरकतं

कूलरचं तोंड सासूबाईंच्या खाटेकडे असावं की आमच्या खोलीकडे, यावरून होळी झाल्यावर आमचं वाजलं. नवरा म्हणाला, "आईले उकडते." मी म्हटलं, "अन् मले काय थंडी वाजते?" बॅग भरली आणि पुलगावहून पवनारला, माहेरी आले.

आमच्याकडे रुसून आलेली बाई आपल्या पायानं परत जात नाही, जावई न्यायला येतो. बाबांनी आल्याआल्याच बजावलं, "तो आल्याबिगर जायचं नाई." तिकडे सासूबाई म्हणे शेजारणीला म्हणाल्या, "गेली तशी येईन." फोन जो आधी करेल तो हरला, त्यामुळे दोन्हीकडचे फोन नुसतेच चार्ज होत पडले होते. मला घरी जायचं होतं. पण हे बोलायची सोय नव्हती.

वर्ध्याच्या कॉलेजात मी अकरावीला फिजिक्स शिकवते. तेव्हा नेमकी गुरुत्वाकर्षणाची उजळणी चालू होती. अंतराळात दोन गोळे दूरदूर ठेवले, आजूबाजूला दुसरं काहीच नसलं, तर ते एकमेकांकडे पडायला लागतात. हा त्याला जेवढ्या जोरानं ओढतो, तेवढ्याच जोरानं तो ह्याला. हलका जास्त सरकतो, जड कमी. पण आधी कोणीच नाही, दोघं एकाच क्षणी. दरवर्षी मी हे सांगते आणि दरवर्षी पोरं जांभया देतात. यंदा फळ्यासमोर माझंच डोकं फिरलं. गोळ्यांचं काय जातंय? त्यांना बाप नाही, सासू नाही, शेजारीण तर नाहीच नाही.

शनिवारी बाबांना एक्स्ट्रा क्लास असल्याचं सांगून निघाले आणि वर्ध्याहून पुलगावची बस धरली. रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या.

दारात सासूबाई उभ्याच होत्या. "अवो माय! तू काऊन आली?"

"घर हाये मायं," मी म्हटलं.

"तसं नाई वो. मले बजारात चाल्लो म्हने अन् गेला तुले आनाले. आत्ता तुया बाबाचा फोन आलता. जावई येऊन बसले, कॉलेजात इचारलं तं क्लासच नाई, पोरीचा पत्ता नाई म्हनत."

गोळे एका रेषेत येतात, त्यांची चुकामूक होत नाही. आमच्या बस देवळीच्या आसपास कुठंतरी एकमेकींना ओलांडून गेल्या असतील, आणि दोघंही खिडकीशी तोंड पाडून बसलेले.

मी चप्पल न काढताच खाली बसले. मी निघाले हे त्याला माहीत नव्हतं. मी बोलावलं नव्हतं, आईनं पाठवलं नव्हतं. तरी माणूस उठून, खोटं बोलून निघाला होता. मला रडू फुटलं, अगदी हुंदके देऊन.

सासूबाईंनी पाण्याचा गिलास पुढे केला. "आता काऊन रडून राह्यली वो? गेला ना तो तुले आनाले."

"म्हनूनच," मी म्हटलं.